पिंपल्सवर डॉक्सी: जंतू मारायला की सूज उतरवायला?

रानजाई: बहिणीला हनुवटीवर लाल दुखरे पिंपल्स येतायत, स्किनच्या डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन 100 दिलीय, दीड महिना. आई म्हणते एवढ्याशा फोडांना इतके दिवस अँटिबायोटिक कशाला, डॉक्टर म्हणाले सूजपण उतरते. अँटिबायोटिकने सूज कशी काय उतरते?

झुळूक: अगं पिंपल ठणकतो तो नुसत्या जंतूंमुळे नाही, आपल्याच पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, रक्तातून तिकडे धावतात आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी आजूबाजूची त्वचापण होरपळते. पिवळा पू म्हणजे बराचसा ह्याच मेलेल्या पेशी. डॉक्सी त्यांचं धावणं मंदावते, शिवाय कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, तोडणारी एन्झाइम्स अडवते. रोझेशियात, म्हणजे चेहरा लाल होऊन फोड येतात त्या आजारात, तर 40 मिलिग्रॅमची हळूहळू सुटणारी गोळी असते, अमेरिकेत 2006 ला मंजूर झाली, तेवढ्या डोसने जंतू मरत नाहीत तरी फोड बसतात! मला हे फार भारी वाटतं.

सातारकर: डॅप्सोनचंपण तसंच, कुष्ठरोगाची गोळी, पण न्यूट्रोफिलवाल्या त्वचारोगांत सूज उतरवायलाच देतात.

निशिगंध: मी घोटभर पाण्यावर गोळी घेऊन लगेच आडवी झाले आणि छातीत इतकं जळजळलं की रात्रभर बसून काढली. ग्लासभर पाणी, मग अर्धा तास तरी झोपायचं नाही. दूध, लोहाच्या गोळ्या सोबत नको, उन्हात त्वचा पटकन भाजते, प्रेग्नन्सीत नाहीच. आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे पिंपल्सवर वरून लावायचं जंतू मारणारं औषध, दिलं असेल तर लावायला सांग, नाहीतर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

रानजाई: अगं ती रोज दुधासोबतच घेतेय! आत्ताच फोन करते तिला.