चर्चा : संगणकाच्या व्यवसायाचे मूळ लहानपणच्या कुतूहलात असते का?

वडगावचा विणकर :
आमच्या घरी दोन यंत्रमाग होते आणि त्यांवरच्या, नक्षी उमटवणाऱ्या जकार्ड यंत्रणेमध्ये फिरणाऱ्या पुठ्ठ्यांच्या माळेकडे मी तासन्‌तास पाहत बसे. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे तो खालीच राहतो, एवढे उमगायला मला एक उन्हाळा लागला. पुढे अभियांत्रिकीला असताना, बॅबेजने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी याच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली होती आणि होलेरिथच्या यंत्रांनी १८९० ची अमेरिकी जनगणना भोकांच्या कार्डांवरच मोजली, हे वाचले, तेव्हा ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. आज मी प्रोग्रॅमिंग करतो ते त्या उन्हाळ्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

उद्यमबागेतला फिटर :
मला हे पटत नाही. बिल गेट्स यांना १९६८ साली शाळेतच दूरच्या संगणकाला जोडलेला टेलिटाइप मिळाला आणि लिनक्स घडवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांना आजोबांचा व्हीआयसी-२० हा घरगुती संगणक. कुतूहल होतेच, पण यंत्रही हाताशी होते. आमच्या शाळेत संगणक होता तो कुलपात, आच्छादनाखाली, आणि वर्षातून एकदा चपला बाहेर काढून त्याचे दर्शन घडे. माझ्या शेजारच्या लेथवरचा माणूस कोणताही गिअरबॉक्स खोलून पुन्हा जोडतो. त्याचे कुतूहल कमी होते, असे आपण म्हणणार का?

वडगावचा विणकर :
यंत्र हाताशी हवे, हे मान्य. परंतु त्याच घरात, त्याच मागांशेजारी माझा थोरला भाऊही वाढला आणि त्याने त्या माळेकडे कधी मान वर करून पाहिले नाही. हा फरक सोयींनी कसा समजावणार?

खानापूरची शिक्षिका :
आपण पाहत बसला होता, तेव्हा माग कोण चालवत होते? पाहत बसायला मोकळा वेळ लागतो, आणि घरातल्या एकाला तो मिळतो तेव्हा बहुधा दुसऱ्याने पाळी धरलेली असते. माझ्या वर्गातही मधल्या सुट्टीनंतर न परतणाऱ्या मुलांत सर्वाधिक प्रश्न विचारणारे असतात.

वडगावचा विणकर :
भाऊ दहावीनंतर मागावर उभा राहिला, हे खरे आहे. काल त्याला दूरध्वनी करून विचारले. तो म्हणाला, “नक्षी चुकली की कुठला पुठ्ठा फाटलाय, हे मला न मोजता कळायचं. तू विचारलंस कधी?”