'ऊर्जा संक्रमण' ला बोलीत काय म्हणायचं? (मुलाखतीत अडलंय)

वर्धाकाठ:
नमस्कार मंडळी, मदत हवीये. कोळशाची वीज कमी होऊन सौर आणि पवन वीज वाढताना कोणाचं काय होतं, ठरवतं कोण, जमीन कोणाची जाते, काम कोणाचं जातं, यावर माझी पीएचडी चालूये. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राजवळच्या गावांत मुलाखती घेतेय. प्रश्नावली मूळ इंग्रजीत होती, मराठी मीच केली आणि 'एनर्जी ट्रान्झिशन'ला पेपरात येतो तोच शब्द घातला, ऊर्जा संक्रमण. तिसरीच मुलाखत, कोळसा हाताळणीत वीसेक वर्षं कंत्राटावर राबलेले एक काका. मी विचारलं, ऊर्जा संक्रमणाचा तुमच्या घरावर काय परिणाम होईल. काका बराच वेळ खोकल्याबद्दल, नातवाच्या दम्याबद्दल, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या राखेबद्दल बोलले. मला वाटलं किती मनापासून सांगतायत. उठताना त्यांनी विचारलं, "मग यावर लस निघाली का?" तेव्हा कळलं की त्यांनी संक्रमण म्हणजे इन्फेक्शन धरलं होतं. आमच्याकडे हिंदी बातम्यांमुळे 'कोरोना संक्रमण' सगळ्यांच्या कानात बसलेलं आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्लांट बंद झाला तर तुमचं काय, हे मला विचारायचं होतं आणि ते विचारलंच गेलं नाही. तर शब्द सांगा. 'जस्ट ट्रान्झिशन'ला, म्हणजे या बदलात कामगारांवर अन्याय होऊ नये या कल्पनेला पण सांगा. मी 'न्याय्य संक्रमण' लिहिलंय पण मला स्वतःलाच ते तोंडाने म्हणता येत नाही.

शब्दपारखी:
संक्रमण सोडू नका. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे, सम् लागून संक्रमण, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. सूर्याचं मकर संक्रमण आपण दरवर्षी म्हणतो. रोगासाठी मराठीत संसर्ग हा शब्द स्वच्छ आहे, हिंदीने संक्रमण तिकडे नेला तो हिंदीचा प्रश्न. उद्या दुसऱ्या भाषेत अर्थ फिरला म्हणून आपण आपले शब्द टाकत गेलो तर हातात काय राहील? काकांना दोन वाक्यांत समजावून सांगता आलं असतं.

सई:
@शब्दपारखी, समजावलं की उत्तर आपलं होतं, त्यांचं राहत नाही. मुलाखत घेणाऱ्याला हे फार जपावं लागतं.

आणि मकर संक्रमण पंचांगात असेल, घरात आपण संक्रांतच म्हणतो. त्याच संक्रांतीचा दुसरा अर्थ पण बघा, "त्याच्या नोकरीवर संक्रांत आली". ज्याचं काम जाणारे त्याच्यासमोर हा शब्द ठेवताना हे मनात येणारच.

शब्दपारखी:
तो वाक्प्रचार आहे, व्युत्पत्ती नव्हे.

सई:
बोलणारा माणूस व्युत्पत्ती बोलत नाही, वाक्प्रचारच बोलतो.

जुना लाईनमन:
मी ३४ वर्षं तारा ओढल्या, एकाही गावात ऊर्जा हा शब्द ऐकला नाही. वीज पण कमीच, लाईट. लाईट आली, लाईट गेली, लाईटबिल. ताई तुम्हाला नाव कशाला पाहिजे? माणसं क्रियापदाने बोलतात. आम्ही कंदिलावरून लाईटवर आलो, चुलीवरून गॅसवर गेलो, तसं आता कोळशावरून सोलरवर चाललो. एवढंच विचारा, "कोळशावरून सोलरवर जायचं म्हणतायत, तुमचं काय होईल?" कोणीही उत्तर देईल.

शेतकऱ्याला विचारायचं तर त्याहून वेगळं. त्याच्यासाठी सौर कृषी वाहिनी, ती शेतीपंपांना सोलरची वीज द्यायची सरकारी योजना, म्हणजे "दिवसाची लाईट". रात्री दोनला थ्री फेज यायची, माणूस बॅटरी घेऊन साप विंचवातून मोटर चालू करायला जायचा, ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्याला हवामान बदल सांगू नका, तो दिवसा पाणी द्यायला मिळावं म्हणून सोलर मागतो.

वर्धाकाठ:
काका हे फार कामाचं आहे, मुलाखतीसाठी असंच करते. पण प्रबंधाच्या मराठी सारांशाला आणि गावात वाटायच्या पुस्तिकेला नाव लागणारच ना.

श्प्रेकाठ:
बर्लिनहून. इथे 'एनर्गीवेन्ड' म्हणतात. वेन्ड म्हणजे वळण. १९८० मध्ये अणुऊर्जेला विरोध करणाऱ्या एका अभ्यासगटाने हे नाव वापरलं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं, आता भाजीवाला पण म्हणतो. गंमत नाही, खरंच. बर्लिनची भिंत पडली त्या काळाला पण इथे नुसतं 'वेन्ड'च म्हणतात, म्हणजे पूर्वेकडच्या माणसाला या शब्दात कारखाने बंद पडल्याची आठवण पण ऐकू येते. पूर्वेकडच्याच लाउझिट्झ भागात तपकिरी कोळशाच्या खाणी आहेत, कायद्याने कोळसा २०३८ पर्यंत बंद करायचाय, आणि खाणींच्या प्रदेशांना ४० अब्ज युरोपर्यंत मदत ठरवलीये. तरी तिथली माणसं विचारतात की मागच्या वेन्डला आम्हाला असंच सांगितलं होतं.

माझी सुचवण 'ऊर्जापालट'. ऋतुपालट, खांदेपालट, पिकांची फेरपालट. सगळ्यांना कळतो.

तात्या माण:
पालट झकास. फेरपालट शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडातला शब्द, आणि त्याच्या मागे विचार आहे, एकच पीक घेत राहिलं की रान उतरतं म्हणून पालट करायची.

शब्दपारखी:
खांदेपालटात ओझं तेच राहतं, खांदा फक्त बदलतो. सत्तेची खांदेपालट म्हणजे माणसं बदलली, व्यवस्था तीच. ऊर्जेत व्यवस्था बदलायची आहे ना?

वर्धाकाठ:
माझा सगळा अभ्यास हाच आहे की खरंच बदलतेय का! त्यामुळे पालटमधली ही शंका मला हवीच आहे. संक्रमण म्हटलं की वाटतं सूर्य आपोआप राशीतून पुढे सरकला, कोणी काही ठरवलंच नाही. पालट म्हटलं की कोणीतरी पालटवतं.

ओवी:
'जस्ट'ला रास्त घ्या की. रास्त भाव दुकान प्रत्येक गावात आहे. रास्त पालट. न्याय्य म्हटलं की कोर्ट आठवतं, रास्त म्हटलं की माप बरोबर आहे का ते आठवतं.

शब्दपारखी:
रास्त फारसी आहे. सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द घडवले, ते आज किती सहज वाटतात. पारिभाषिक मराठी घडवताना उसनवारी कशाला?

तात्या माण:
मुळशीच्या सत्याग्रहात, १९२१ ला, मुंबईला वीज पुरवायच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी काय घोषणा दिली? "जान किंवा जमीन". जान फारसी, जमीन फारसी. सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. शंभर वर्षांपूर्वी विजेच्या राजकारणावर मराठी माणूस बोलला तो या शब्दांत बोलला, आणि तेही तुम्ही बाहेर काढणार का?

शब्दपारखी:
बोलीला कोणी बाहेर काढत नाहीये. परिभाषा आणि घोषणा यांत फरक आहे. १९६० ला भाषा संचालनालय उगाच स्थापन झालं नाही.

ओवी:
मूळ इंग्रजी शब्द पण कामगारांच्या संघटनेतूनच आलाय हो. अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणु कामगारांच्या युनियनचे टोनी मॅझोकी म्हणत होते की विषारी झालेली माती साफ करायला सरकार फंड काढतं तर त्या मातीत राबलेल्या माणसासाठी का नाही. तिथून हळूहळू 'जस्ट ट्रान्झिशन' २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रस्तावनेत गेला. घोषणेचीच परिभाषा झाली. आपण मात्र परिभाषेपासून सुरुवात करतो आणि मग ती गावात कोणाला कळत नाही.

आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तो पण पालटच होता. जमिनींचे टॉवर झाले आणि कामगारांच्या वारसांना घरासाठी सोडतीच्या रांगेत उभं केलं. रास्त नसलेला पालट कसा असतो हे मुंबईला शब्दकोशात बघावं लागत नाही.

श्प्रेकाठ:
शब्दावरून किती अडतं बघा, ग्लासगोच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये कोळशाबद्दलच्या वाक्यात शेवटच्या क्षणी भारताच्या आग्रहाने 'फेज आउट'चं 'फेज डाउन' झालं. एक शब्द, आणि त्यावर सगळं जग भांडत होतं. मराठीत हा फरक कसा दाखवाल? 'टप्प्याटप्प्याने बंद' आणि 'टप्प्याटप्प्याने कमी'?

जुना लाईनमन:
आटवणे. दूध आटवतात तसं, कमी होतं पण तळाशी राहतं.

सई:
आटवणे! वा काका. आणि आउट असेल तर 'मोडीत काढणे'.

मला अजून एक खटकतं, शाश्वत. सस्टेनेबलला आपण शाश्वत म्हणतो, हिंदीत सतत विकास म्हणतात. शाश्वत म्हणजे जे कधीच संपत नाही ते, आत्मा वगैरे. सोलर पॅनेल पंचवीसेक वर्षांनी उतरवावं लागतं. टिकाऊ का नको?

वर्धाकाठ:
टिकाऊ म्हटलं की चप्पल आठवते असं आमच्या सरांचं मत. पण सई, मुलाखतींत 'शाश्वती' सारखा येतो. "कामाची शाश्वती नाही", "पोराच्या नोकरीची शाश्वती द्या". मी शाश्वत ऊर्जा विचारतेय आणि समोरचा शाश्वतीबद्दल सांगतोय. एकाच शब्दाची दोन टोकं धरून बसलोय आम्ही.

तात्या माण:
मग 'प्रकल्पग्रस्त' पण घ्या चर्चेत. आमचं मूळ गाव धरणात गेलं, वडलांकडे धरणग्रस्ताचा दाखला होता, तो त्यांनी देवघरात ठेवला होता. ग्रस् म्हणजे गिळणे, ग्रास त्यातलाच. पंचांगात ग्रस्तोदित असतं, ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवलेला चंद्र. माझी पिढी तशीच उगवली. आता कागदावर 'प्रकल्पबाधित' वाचतो. बाधित म्हणजे जरा अडचण झाली, सर्दी झाल्यासारखं. गिळलं ते गिळलं म्हणा.

शब्दपारखी:
इथे मी तात्यांच्या बाजूने. बाधित हा शब्द सपक आहे. (बाधा भुताची पण होते, पण तो अर्थ कागदावर उरत नाही.)

ओवी:
पण ग्रस्त म्हटलं की माणूस कायमचा बिचारा होतो असं काही कार्यकर्ते म्हणतात. शिवाय सौर प्रकल्पात कोणी विस्थापित होतच नाही असं धरलं जातं, म्हणून ग्रस्त पण नाही आणि बाधित पण नाही.

तात्या माण:
कसं होत नाही? जमीन 'पडीक' दाखवली की झालं. हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं मिळतं ते सातबारा ज्याच्या नावावर त्याला, आणि ते चांगलंच आहे, कोरडवाहूला एवढं कधी सुटत नव्हतं. पण गायरान दिलं तर भाडेपट्टी कागदावर नावाला, आणि त्यावर मेंढरं चारणाऱ्या धनगराचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. त्याला ना भाडं ना दाखला. पडीक म्हणजे पडून असलेली. माळ पडून नसतो हो, पावसाळ्यानंतर येऊन बघा, कुसळी गवत मांडीला लागतं.

शब्दपारखी:
पडीकचा शेतीतला अर्थ मुद्दाम पेर न करता विश्रांतीला ठेवलेलं रान असाही आहे. तो दोष नाही.

तात्या माण:
तोच तर मुद्दा. आम्ही पडीक म्हणतो तेव्हा पुढच्या वर्षी पेरायचं असतं. नकाशावर इंग्रजीतल्या 'वेस्टलँड'चं पडीक झालं की ती टाकाऊ होते.

सई:
म्हणजे वेस्टलँडला पडीक हे भाषांतरच चुकीचं आहे? ओसाड? पण ओसाड म्हणजे तर माणसं सोडून गेलेली जागा.

वर्धाकाठ:
मंडळी, पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. 'रास्त ऊर्जापालट' लिहू का?

जुना लाईनमन:
ऊर्जा काढून 'वीज' करा. रास्त वीजपालट.

शब्दपारखी:
वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे, गाड्यांचं डिझेल, घरातला गॅस कुठे जाईल? निदान कंसात संक्रमण ठेवा.

तात्या माण:
सई, ओसाड नाहीच. आमच्याकडे चराऊ माळाला 'कुरण' म्हणतात, राखलेलं असेल तर. न राखलेल्याला काय म्हणायचं हे आमच्या चुलत्यांना विचारून सांगतो, ते अजून मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, फोन लागला की लिहितो.

सई:
नक्की विचारा तात्या. आणि पवनचक्कीच्या पंख्याखालच्या जमिनीला पण काही वेगळं नाव आहे का तेही.