एकटीने फ्रान्स, तेही लोकांच्या घरी राहून. कुणाला अनुभव आहे का?

सूरसागरकाठची
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. फाइन आर्ट्सला शिकले, आता शाळेत चित्रकला शिकवते. पुढच्या उन्हाळ्यात एकटीने फ्रान्सला जायचं मनात आहे. हॉटेलात उतरून नुसती म्युझियमं पालथी घालायची नाहीत. तिथल्या घरात रविवारी काय रांधतात, म्हाताऱ्या माणसांचं कोण बघतं, भांडणं कशावरून होतात, हे बघायचंय. अनोळखी यजमानांच्या घरी मुक्काम जुळवून देणाऱ्या काउचसर्फिंग, सर्व्हास, बीवेलकम यांची नावं ऐकून आहे. आई म्हणते, "ओळख ना पाळख, कुणाच्या दारात जाऊन उभी राहणार?" आईला काय सांगू आणि सुरुवात कुठून करू?

मांडवीकर
बेटा, आईची काळजी रास्त आहे. मीही एका मुलीचा बाप आहे. जायला हरकत नाही, पण काही वावगं चाललंय असं वाटलं तर त्याच क्षणी बॅग उचलून निघता आलं पाहिजे. त्या रात्रीच्या हॉटेलचे पैसे वेगळे ठेव आणि फोन तिथल्या नेटवर्कवर चालू असू दे. एवढं जमत असेल तर जा.

वाड्यातली मावशी
अगं, आईला सांगत बसू नकोस, दाखव. आधी तुमच्याच घरी पाहुणी येऊ दे.

आम्ही दोघं बडोद्यातच, रावपुऱ्यात राहतो आणि बरीच वर्षं सर्व्हासचे यजमान आहोत. ही संस्था १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झाली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि माणसं एकमेकांच्या घरी राहिली-जेवली तर शांतता टिकेल, अशी त्या मंडळींची श्रद्धा होती. माझीही आहे. सभासद होण्याआधी जुना सभासद मुलाखत घेतो, मगच यजमानांना दाखवायचं ओळखपत्र मिळतं. मुक्काम सहसा दोन रात्रींचा, आणि राहण्याचे पैसे कुणी घेत नाही, देत नाही. काउचसर्फिंगला २०२० पासून बहुतेक देशांत वर्गणी भरावी लागते. बीवेलकम अजून फुकट आहे, स्वयंसेवक चालवतात.

मागे एक इंग्रज बाई आल्या होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना तांबेकर वाड्यात नेलं. तिथल्या भिंतींवरची चित्रं तू पाहिलीच असशील, कृष्णलीलेबरोबर इंग्रज-मराठ्यांची लढाईही आहे. बाई त्या लढाईसमोर थांबल्या त्या हलेचनात. मग म्हणाल्या, "आम्हाला शाळेत हे कुणी शिकवलंच नाही." रात्री जेवताना ह्यांनी त्यांना सयाजीरावांची गोष्ट सांगितली. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसतो आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत शिक्षण आणतो. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग त्या बोलायला लागल्या त्यांच्या वडिलांबद्दल, खाणकामगार होते. वरण-भात निवून गेला, आणि सासूबाई, ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, मधूनमधून "मग पुढे?" विचारत होत्या. पाहुणी गेल्यावर सासूबाईंची पहिली चौकशी हीच: पुढची कधी येणार?

तुझ्या आईचंही असंच होईल. शिवाय घरी पाहुणी ठेवलीस की पाहुणी म्हणून कसं वागायचं ते तुला कळतं. किती वाजता येणार हे नीट कळवायचं, आपलं ताट उचलायचं, संध्याकाळ यजमानांसाठी मोकळी ठेवायची. नुसती झोपायला येणारी मुलगी कुणालाच नको असते. आणि साइटवरच्या तुझ्या पानावर पाहुण्यांनी तुझ्याबद्दल चार शब्द लिहिलेले असले तर फ्रान्समधल्या बाईला "हो" म्हणणं सोपं जातं.

एक काम मात्र चुकवू नकोस. परदेशी पाहुणी घरात उतरली की २४ तासांच्या आत तिची माहिती एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर भरायची. आम्ही त्याला सी फॉर्म म्हणतो. हॉटेलांनाच नाही, घरालाही लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो आल्या आल्या मागून घ्यायचा. कुणी वाईट वाटून घेत नाही.

आणि यजमान निवडताना एकट्या बायकांनी लिहिलेले अनुभव वाच. पुरुषांनी त्याच माणसाचं कितीही कौतुक केलेलं असलं तरी तुला त्याचा उपयोग नाही. झोपायची खोली वेगळी आहे का, हे स्पष्ट विचार. उत्तर गोलमोल आलं तर ते घर सोडून दे.

सूरसागरकाठची
मावशी, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. "इथे येऊ दे की, खोली रिकामीच आहे," म्हणाली! व्हिसासाठी राहण्याचा पत्ता म्हणून यजमानांचं नाव चालतं का?

ल्यॉंची वहिनी
चालतं, पण नुसतं नाव किंवा ईमेल पुरत नाही. यजमानाला आपल्या नगरपालिकेतून रीतसर प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याला ३० युरो पडतात, वर घराची आणि उत्पन्नाची कागदपत्रं दाखवावी लागतात. ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा करू नये. म्हणून अर्जात हॉस्टेलची खरी बुकिंग्ज दाखव आणि घरचे मुक्काम थोडेच ठेव. त्यातही पॅरिसपेक्षा लहान गावं धर. पॅरिसमध्ये घरं एवढीशी असतात आणि विचारणारे खंडीभर. आमच्या इथे मे महिन्यात सुट्ट्या बऱ्याच येतात, पण त्या जोडून बरेच लोक बाहेरगावी जातात, म्हणून आधी विचारून घे.

भेट म्हणून पेढे आणू नकोस हं. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे, विमानतळावर टाकून देतात. लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, तोही टिकायचा नाही. भाकरवडी आण. आणि तुझी एखादी लहानशी प्रिंट, ती तर नक्कीच.