मायोलिका थाळी: कोसळणारा फेथॉन की इकारस?

प्रश्न: १६व्या शतकातल्या इटालियन मायोलिका थाळीचा (पांढऱ्या ग्लेझवर, म्हणजे काचेसारख्या लेपावर, रंगवलेलं मातीचं भांडं) फोटो बघतोय. आकाशातून उलटा पडणारा मुलगा, खाली नदी, काठावर बायका. मथळा 'इकारस', पण पंख कुठेच नाहीत! शिवाय हेच चित्र टाइलवर रंगवायचंय. पांढऱ्या ग्लेझवर कोबाल्टची (निळ्या रंगाची) रेघ भाजताना पसरते आणि ज्वाळांना लाल रंग येत नाही.

उत्तर १: मथळा चुकलाय, हा फेथॉन, बापाचा रथ हाकताना पडलेला सूर्यदेवाचा मुलगा. रथ किंवा उधळलेले चार घोडे शोधा, वर वीज फेकणारा देवांचा राजा ज्युपिटर असेल. नदी म्हणजे एरिडानस. बायका त्याच्या बहिणी; बोटांना पानं फुटताहेत का बघा, त्या पॉप्लर होतात. जवळ हंस असेल तर तो सिक्नस, फेथॉनच्या शोकात हंस झालेला. मायकेलअँजेलोच्या १५३३च्या रेखाटनात हे सगळं एकावर एक रचलेलं आहे. इकारस मेणाने जोडलेल्या पंखांनी उडताना पडला, म्हणून त्याला समुद्र लागतो, गळणारी पिसं लागतात आणि वर उडणारा बाप डेडलस.

प्रश्नकर्ता: नुसत्या पडणाऱ्या आकृतीवरून ठरवता येत नाही?

उत्तर १: नाही. झांतो अवेल्लीसारखे थाळ्या रंगवणारे चित्रकार मार्कांतोनियो या कलावंताच्या छापचित्रांतून आकृत्या उचलत आणि हव्या त्या कथेत बसवत. थाळी पालथी करून बघा, झांतो मागे विषय लिहायचा, बरेचदा सालही.

उत्तर २: आता पसरणाऱ्या रेघेचं. कोबाल्ट स्वतःच ग्लेझ वितळवतो, म्हणून नुसता ऑक्साइड वापरू नका, थोडी चायना क्ले (पांढरी माती) मिसळून पातळ करा. ग्लेझचा थर जाड असेल किंवा भट्टी जास्त तापली असेल तरी रेघ पसरते. आधी थर कमी करा, मग तापमान १०-२० अंशांनी उतरवा. कच्चं ग्लेझ भुकटीसारखं असतं, रंग लगेच शोषतं, खोडता येत नाही. त्यात थोडा डिंक घाला आणि तेलकट बोट लावू नका, तिथे ग्लेझ आकसून माती उघडी पडते. चित्र उतरवायला कागदावर रेघांना टाचणीने भोकं पाडा, तो टाइलवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटा. ठिपके भट्टीत जळून जातात.

उत्तर ३: लाल रंगाचं दुखणं जुनंच आहे. तेव्हाचे रंग म्हणजे कोबाल्ट, तांबं, मँगनीज, अँटिमनी, लोह, एवढ्यात चांगला लाल बसत नाही. ज्वाळा पिवळ्या-नारिंगीच निघत. इटलीतल्या गुब्बिओ गावी माएस्त्रो जॉर्जो या कुंभाराच्या भट्टीत माणकासारखी लाल झळाळी चढवत, पण ती तिसऱ्या, धुराच्या भाजणीत. तुम्ही कॅडमियमचा तयार लाल स्टेन (भाजायचा रंग) घ्या; कॅडमियम विषारी, म्हणून टाइल भिंतीवरच ठेवा. जुना पिवळा शिसं-अँटिमनीचा असतो, विषारी, म्हणून त्याची पूड कोरडी घोटू नका.