नवीन गाडीचं पहिलं ऑइल चेंज नेमकं कधी करायचं? (टर्बो पेट्रोल) मदत हवी आहे

मंडळी, जाणकारांनी जरा सांगा.

दिवाळीला घरी नवीन गाडी आली, १ लिटरचं तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर. आम्ही कोल्हापूरला. गाडी जास्त करून बाबा आणि बायको वापरतात, बाबा सकाळी मंडई आणि रंकाळ्यापर्यंत, बायको पोरांना शाळेत सोडायला आणायला, म्हणजे एका वेळी तीन-चार किलोमीटरच्या पुढं गाडी जातच नाही, मधनंच कधीतरी आंबा घाट उतरून रत्नागिरीला मामाकडं, तेवढंच काय ते लांबचं. मीटर आता सोळाशेच्या आसपास आहे.

पहिली फ्री सर्व्हिस झाली, त्यात सगळं नुसतं बघितलं, गाडी धुतली आणि परत दिली. ऑइल बदललं का विचारलं तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणाला की १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, तोपर्यंत हात लावायचा नाही. बाबांना हे अजिबात पटलेलं नाही. त्यांनी इतकी वर्षं मारुती ८०० चालवली, त्यांचं म्हणणं पहिलं ऑइल हजारलाच काढायचं, नव्या इंजिनातला सगळा लोखंडाचा कीस त्यात उतरतो आणि तेच ऑइल घेऊन वर्षभर गाडी फिरवायची म्हणजे इंजिनाची वाट. आमच्या गल्लीतला गॅरेजवाला पण तेच म्हणतोय, तो तर २०डब्ल्यू-४० टाकून देतो म्हणाला, जाड ऑइल, इंजिन टिकतं म्हणे. पण मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय, म्हणजे पातळ ऑइल.

गाडी आम्हाला दहा-बारा वर्षं तरी ठेवायचीय, मध्ये विकायचा विचार नाही. त्यामुळं तीन-चार हजार रुपये जास्त गेले तरी चालतील पण इंजिन नीट राहिलं पाहिजे. म्हणून विचारतो, आत्ताच बदलू की १०,००० पर्यंत थांबू? आणि बाहेर बदललं तर वॉरंटीचं काय? बाबांना समजावून सांगता येईल असं कुणी लिहिलं तर फार बरं होईल.

घाटमाथा:

सगळ्यात आधी, २०डब्ल्यू-४० टाकू नका, प्लीज. मी हेच काम करतो म्हणून कळकळीनं सांगतोय. आताच्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या प्रेशरवर मागे-पुढे होतं, ऑइलच्या वाटा बारीक असतात आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो फिरतो त्याच ऑइलच्या पातळ थरावर. सकाळी थंड इंजिनात जाड ऑइल तिथं पोचायलाच वेळ लावतं. मॅन्युअलमध्ये जी ग्रेड दिलीय तीच घ्या, आणि डब्यावर एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलंय का बघा. २०२० साली आलेलं स्टँडर्ड आहे, लहान टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमला जोर दिला की अवेळी स्फोट होऊन पिस्टनला दणका बसतो, तो प्रकार आणि टायमिंग चेनची झीज, दोन्हीची टेस्ट त्यात आहे.

आता बाबांचा मुद्दा. ते चुकीचं बोलत नाहीयेत. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना बसत असतात, भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा मारलेल्या असतात, त्यांची टोकं घासून जातात आणि तो कीस ऑइलमध्येच येतो. सुरुवातीला हे जास्त होतं, मग झपाट्यानं कमी होत जातं. फरक एवढाच की पूर्वीच्या मानानं आता मशिनिंग फार बारीक झालंय, ऑइल सिंथेटिक आहे, आणि मोठे कण फिल्टर पकडतो. म्हणून कंपन्या हजारचं ऑइल चेंज मागत नाहीत.

पण तुमच्या केसमध्ये मला कीसापेक्षा दुसरीच काळजी वाटते. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. काट्यावर टेंपरेचर दिसतं ते कूलंटचं, ऑइल तापायला त्याच्या कितीतरी जास्त वेळ लागतो. ऑइल तापलंच नाही तर थंड इंजिनात रिंगांवरून खाली उतरलेलं पेट्रोल आणि आत धरलेलं पाणी उडून जात नाही, ते साठत जातं, ऑइल पातळ होतं. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या टर्बोत हे अजून जास्त. मॅन्युअलमध्ये मेंटेनन्सच्या टेबलखाली अजून एक टेबल असेल, खडतर वापराचं, लोक ते वाचतच नाहीत. लहान फेऱ्या, धूळ, सतत थांबत चालणारं ट्रॅफिक, हे सगळं त्यात येतं आणि तिथं मुदत बहुतेक निम्मी दिलेली असते. तुमची गाडी सरळ त्यात बसते. त्यामुळं माझं मत, आत्ता घाई नको, पण १०,००० ची वाट अजिबात बघू नका. ५,००० किंवा ६ महिने, जे आधी होईल ते. तुमच्या वापरात ६ महिनेच आधी येतील.

जर्सीकर:

इकडे अमेरिकेत होंडानं तर फॅक्टरी ऑइल लवकर काढू नका असंच सांगितलेलं आहे, म्हणजे उलटाच सल्ला. इथे बरेच जण वापरलेलं ऑइल बाटलीत भरून लॅबला पाठवतात. पहिल्या ऑइलच्या रिपोर्टमध्ये लोखंड, तांबं आणि सिलिकॉन जास्त येतंच. सिलिकॉन बघून लोक घाबरतात, धूळ शिरली म्हणतात, पण नव्या इंजिनात ते बहुतेक वेळा सीलंटमधून आलेलं असतं. पुढच्या एक-दोन चेंजमध्ये आकडे खाली येतात. वडिलांना हे जरूर सांगा, कीस असतो हे खरंच आहे.

डिझेलवाली:

धागा पेट्रोलचा आहे पण कुणी बीएस६ डिझेलवाले वाचत असतील तर, लहान फेऱ्यांचा त्रास आपल्याला अजून जास्त. डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) स्वतःला साफ करत असताना मध्येच गाडी बंद झाली की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल चक्क वाढलेली दिसते. वाढलेली लेव्हल बघून खूश होऊ नका, लगेच दाखवा.

धागाकर्ता:

>> खडतर वापराचं टेबल

काढून बघितलं, आहे की हो! धूळ आणि लहान फेऱ्या दोन्ही लिहिलंय, ५,००० किंवा ६ महिनेच. बाबांना वाचून दाखवलं, हजार नाही पण निम्म्यावर ते तयार झाले, पुस्तकातच लिहिलंय म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. फक्त सर्व्हिस सेंटरवाला फोनवर म्हणतोय की सहा महिन्यांच्या फ्री सर्व्हिसमध्ये ऑइल बदलणं येत नाही. मग बाहेर करू का?

घाटमाथा:

बाहेर नको, वॉरंटी आहे तोवर तिथंच करा. फ्री सर्व्हिसमध्ये नसेल तर पैसे भरून करतो म्हणा, ऑइल, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर, तिन्ही. त्यांना नाही म्हणायचं कारण नाही, आणि सर्व्हिस हिस्टरीत नोंद होते हा मोठा फायदा. जॉब कार्डवर ऑइलची ग्रेड लिहून घ्या, बिल जपून ठेवा. भरून झालं की सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबून स्वतः डिपस्टिक बघा, मार्कच्या वर भरलेलं असेल तर तिथल्या तिथं काढायला लावा. आणि तोपर्यंत आठवड्यातून एकदा बाबांना हायवेला अर्धा तास फिरवून आणा, गरम इंजिनावर. चौथ्या-पाचव्या गिअरला कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही, गिअर खाली घ्यायचा. आंबा घाट चढून आलात की गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या, टर्बो गार होतो.

धागाकर्ता:

धन्यवाद, सगळं लिहून घेतलं. एप्रिलची अपॉइंटमेंट टाकतोय. ऑइल काढताना थोडं बाटलीत घेऊन ठेवणार आहे, आपल्याकडं कोल्हापूर-पुणे भागात अशी टेस्ट कुणी करून दिली असेल तर इथं कळवा, बाबांना रिपोर्ट बघायचाय.