लोह किती, यापेक्षा ते बांधलेले की मोकळे?
'लोह वाढले की मूत्रपिंड बिघडते' या विधानाला एक जोड द्यावीशी वाटते. लोह प्रथिनांत बांधलेले आहे की मोकळे, हे अधिक निर्णायक असते. तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटल्या, तर बाहेर पडलेले हिमोग्लोबिन वाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड निकामी करते आणि वाहिन्या आकसतात. या हिमोग्लोबिनला धरून ठेवणारे रक्तातील प्रथिन, हॅप्टोग्लोबिन, संपले, की उरलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडात गाळले जाऊन तेथील सूक्ष्मनलिकांच्या पेशींना इजा करते. मला विशेष विलक्षण वाटते ते हीम ऑक्सिजनेज-१ हे विकर (एन्झाइम), कारण ते हीमचे, म्हणजे हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भागाचे, विघटन करते आणि त्यातून सुटलेले लोह फेरिटिन हे प्रथिन आपल्या पोकळीत, सुमारे ४५०० अणूंपर्यंत, साठवून ठेवते. मात्र शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असतानाही रक्तातील फेरिटिन वाढते, त्यामुळे केवळ त्या एका आकड्यावरून लोह जास्त झाल्याचा निष्कर्ष काढू नये.