विषय: नागपुरातल्या जुन्या झेनचा हीटर गार हवाच फेकतो

प्रेषक: एक सभासद, टोरांटो (सध्या मुक्काम धरमपेठ, नागपूर)

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

सध्या मी आईबाबांकडे आले असून बाबांची १९९९ सालची झेन वापरते आहे. गाडी एरवी ठणठणीत आहे, परंतु पहाटे पेंचच्या सिल्लारी फाटकाकडे निघालो की हीटरचा खटका पूर्ण लाल खुणेवर ठेवूनही मनसर येईपर्यंत पायांवर जेमतेम कोमट झुळूक येते आणि समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, ती पुसता पुसता बाबांची त्रेधा उडते. तापमानाचा काटा खालच्या रेघेच्या जरा वर येऊन तिथेच रेंगाळतो. सिग्नलवर बराच वेळ थांबलो तर मात्र तो थोडा चढतो आणि हवाही किंचित गरम होते. गॅरेजमध्ये विचारले तर "ताई, नागपुरात हीटर कोण लावतं?" एवढेच उत्तर मिळाले. नवी हीटर कॉइल बसवून घ्यावी का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

प्रेषक: एक सभासद, एडमंटन

नमस्कार. इतक्या जुन्या गाडीत कॉइल तुंबलेलीच असणार, ती बदलून टाकावी. तोवर रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा लावून पाहावा. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत हा उपाय हमखास चालतो.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, प्रतापनगर, नागपूर

ताई, सप्रेम नमस्कार.

कॉइल बदलण्याची घाई करू नये, कारण अर्धे निदान तुमच्या पत्रातच आहे. गाडी वेगात असताना हवा गार, उभी असताना थोडी गरम आणि काटा कायम खाली, ही लक्षणे मुळात इंजिनच पुरेसे तापत नसल्याची आहेत. हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. इंजिनातले गरम पाणी डॅशबोर्डमागच्या कॉइलमधून फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, एवढेच त्याचे काम. पाणी कमी असते तर नेमके उलटे घडले असते, म्हणजे इंजिनचे फेरे वाढवल्यावर हवा गरम आणि गाडी उभी केल्यावर गार.

आपल्या शहरात हिवाळ्यातल्या या तक्रारीचे मूळ बहुधा उन्हाळ्यातल्या दुरुस्तीत असते, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि गाडी तापू लागली की पुष्कळ मिस्त्री रेडिएटर साफ करण्याऐवजी किंवा पंखा तपासण्याऐवजी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून ठेवतात. त्यामुळे उन्हाळा कसाबसा निभावतो, पण पुढे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते, थंडीत इंजिन ८० अंशांपर्यंत पोहोचतच नाही, पेट्रोल जास्त जाते आणि ऑइलमध्ये ओल साचते. काही ठिकाणी तर कॉइल गळू लागल्यावर तिचे दोन्ही पाइप इंजिनच्या बाजूलाच एकमेकांना जोडून टाकलेले असतात. मग हीटरचा खटका नुसता शोभेला उरतो. हीटर कोण लावतो, असे विचारणाऱ्याला हेही सांगावे, की २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहराचे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते.

तपासणी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावी. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये, कारण आतले पाणी दाबाखाली असते आणि उकळता फवारा थेट अंगावर येतो. झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे ना, हे पाहावे, झाकण लावून इंजिन सुरू करावे आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवावा. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहून नंतर एकदम तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट गायब आहे किंवा उघडा अडकला आहे. नवा घेतलात तर बसवण्यापूर्वी त्याची परीक्षा घरीच घ्यावी. त्याच्या झडपेच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात बुडाला न टेकेल असा लोंबता धरावा आणि शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, झडप उघडू लागते आणि तो दोऱ्यातून सुटून खाली पडतो. घाट रोडवर असा भाग सहज मिळावा, आणि त्याची किंमत कॉइलच्या मानाने किरकोळ असते.

पुठ्ठ्याविषयी एडमंटनच्या मित्रांची क्षमा मागून सांगतो, की तिकडे दिवसभर पारा शून्याखाली असतो, तर इथे पहाटे १० अंश असले तरी दुपारी २८ होतात. पुठ्ठा काढायचा विसर पडला तर परतीच्या वाटेवरच गाडी उकळेल.

---

प्रेषक: एक सभासद, टोरांटो (मुक्काम धरमपेठ)

काका, मनःपूर्वक आभार. थर्मोस्टॅटची जागा खरोखरच रिकामी निघाली. नवा बसवल्यावर काटा मध्यावर येऊन स्थिरावतो आणि पेट्रोलचा वासही कमी झाला आहे. तरीही झरोक्यात धरलेला थर्मामीटर ३५ अंशांच्या वर जात नाही. कॉइलकडे जाणाऱ्या दोन पाइपांपैकी एकाला हात लावता येत नाही इतका तो तापतो, दुसरा मात्र कोमटच राहतो. गाडीत आजवर बोअरचे पाणी भरले जात असे, असे बाबा सांगतात.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, प्रतापनगर

ताई, आता कॉइलवर संशय घेणे योग्य ठरेल. दोन्ही पाइप कढत असते तर दोष हवेच्या बाजूला, म्हणजे गरम-गार हवेची वाट बदलणाऱ्या फ्लॅपमध्ये (पडद्यात) किंवा त्याच्या केबलमध्ये शोधावा लागला असता. एक कढत आणि एक कोमट याचा अर्थ पाण्याची वाट अरुंद झाली आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि गंज आत साचले असणार. हीटरच्या वाटेवर पाण्याची झडप असेल, तर ती पूर्ण उघडते की नाही, हे आधी पाहावे. त्यानंतर इंजिन थंड असताना दोन्ही पाइप काढून कॉइलमधून उलट दिशेने, नळाच्या मंद धारेने, स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी सोडावे. जोर लावू नये. जुनी कॉइल तेवढ्यानेही फुटते.

शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मेनिम्मे भरावे. नागपुरात पाणी गोठण्याची भीती नाही, परंतु कूलंटमुळे गंज रोखला जातो आणि उकळबिंदूही वाढतो, म्हणून मे महिन्यातही ते हवेच. भरताना गाडीचे तोंड चढावर ठेवून हीटर पूर्ण उघडा ठेवावा, म्हणजे अडकलेली हवा वर येते. सर्व नीट झाल्यास मध्यम फेऱ्यांवर झरोक्यात ५० ते ६० अंश दिसावेत.

काचेवरच्या वाफेसाठी बाहेरची हवा आत घेणारा खटका उघडा ठेवून हीटरसोबत एसीही लावावा. हवेतली ओल निघून काच लवकर स्वच्छ होते. मात्र ती वाफ चिकट, तेलकट वाटली, आत गोडसर वास आला किंवा डावीकडचा गालिचा ओला लागला, तर कॉइल गळते आहे असे समजून ती बदलूनच घ्यावी. तेव्हा पाइप परस्पर जोडून देऊ नका, असे मिस्त्रीला बजावून सांगावे.